वाचकांचे प्रश्न : फुंकर, बटन सेल आणि पळत सुटलेले खेळ

या वेळच्या पत्रांत जुन्या कन्सोलचे प्रश्न जास्त आहेत. बऱ्याच जणांनी पत्राच्या शेवटी एकच विचारलंय : नवा भाग मागवू का? उत्तर बहुतेकदा ‘इतक्यात नको’ असंच आहे. कार्ट्रिजला सगळे कॅसेट म्हणतात, म्हणून इथेही कॅसेटच म्हणू.

प्रश्न : एनईएस (निन्टेंडोचा जुना कन्सोल) सुरू केला की पुढचा लाल दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो आणि टीव्हीवर नुसता एक रंग येत-जात राहतो. कॅसेटमध्ये फुंकर मारली की कधी चालतो, कधी नाही. कन्सोल गेला का?

नाही. उघडझाप होतेय म्हणजे वीज नीट पोचतेय आणि आतली कुलपाची चिप जिवंत आहे. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या या कन्सोलमध्ये एक छोटी चिप आहे आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये असते. दोघींचं बोलणं जुळलं नाही की कन्सोलमधली चिप प्रोसेसरला साधारण सेकंदाला एकदा रीसेट करत राहते. ती उघडझाप म्हणजे हे रीसेट. बोलणं तुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी मळलेल्या किंवा सैल पिना हेच असतं. याच कन्सोलच्या जपानी आवृत्तीत, फॅमिकॉममध्ये, ही चिप नाही, त्यामुळे तिथे संपर्क बिघडला की उघडझाप होत नाही, थेट पडद्यावर कचरा दिसतो.

फुंकर मात्र आजपासून बंद. फुंकर मारल्यावर गेम चालतो तो फुंकरीमुळे नव्हे, तर त्या निमित्ताने कॅसेट काढून पुन्हा बसवली जाते म्हणून. पिना जरा वेगळ्या जागी टेकतात. तोंडातला ओलावा मात्र तांब्यावर राहतो आणि काही महिन्यांत हिरवट डाग उमटतात.

कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे या स्क्रूंसाठीचा खास स्क्रूड्रायव्हर, लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने किंवा वितळवलेल्या पेनाच्या टोकाने प्रयत्न केलात तर स्क्रूचं डोकं झिजेल आणि मग काहीच लागू पडणार नाही. बोर्ड बाहेर काढा. किमान ९० टक्क्यांचं, शक्यतो ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसाच्या काडीवर घ्या. काडी ओली हवी, थेंब गळणारी नको. पिनांच्या लांबीच्या दिशेने, बोर्डाकडून कडेकडे घासा. पहिली काडी काळी निघेल, दुसरी राखाडी. काडी पांढरी निघेपर्यंत चालू ठेवा, दोन्ही बाजूंनी. दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच कन्सोलमध्ये घाला. हट्टी डागाला पांढरं मऊ खोडरबर एक-दोनदा चालेल. सँडपेपर आणि पितळेचं पॉलिश अजिबात नको. पिनांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, तो गेला की उघडं तांबं दर महिन्याला काळं पडणार.

चार-पाच कॅसेट साफ करूनही सगळ्या तशाच वागत असतील तर दोष कन्सोलमधल्या ७२ पिनांच्या कनेक्टरचा. कॅसेट आत सरकवून खाली दाबायची या रचनेत पिना वाकून वाकून स्प्रिंगपणा गमावतात. कनेक्टर काढून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला, त्यात स्वच्छ कॅसेट दहा-बारा वेळा घालून काढली आणि पूर्ण एक दिवस वाळवला, तर बहुतेक वेळा तो परत कामाला लागतो. घाईने ओला बसवू नका. बाजारात मिळणारे नवे कनेक्टर कॅसेट इतकी घट्ट धरतात की ती ओढून काढावी लागते, म्हणून जुना जगत असेल तर जुनाच बरा. कुलपाच्या चिपची चौथी पिन कापा, उघडझाप थांबते, असा सल्ला तुम्हाला मिळेल. खरंच थांबते. पण पिना मळलेल्याच राहतात आणि रीसेटच्या जागी कचरा दिसू लागतो. कापलेली पिन सहजी जोडता येत नाही, तेव्हा ते शेवटी.

एक खूण लक्षात ठेवा. संगीत नीट वाजतंय, पात्रं हलतायत, पण चित्रं विस्कटलेली आहेत? कॅसेटमधली चित्रांची मेमरी आणि प्रोग्रामची मेमरी वेगवेगळ्या पिनांवरून कन्सोलला जोडलेल्या असतात. प्रोग्राम पोचतोय, चित्रं पोचत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा काडी आणि अल्कोहोल.

प्रश्न : जुन्या कॅसेटमधला सेव्ह केलेला खेळ दर वेळी पुसला जातो. आत सेल असतो असं कळलं. घरी बदलता येईल का?

येईल, पण पाठ करून ठेवा : सेल काढला त्या क्षणी उरलासुरला सेव्हही जातो. तुमचा आधीच पुसला जातोय, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही. ज्यांचा अजून टिकून आहे त्यांनी आधी कॅसेट-रीडरने सेव्हची प्रत संगणकावर घ्यावी, सेल बदलावा आणि प्रत परत लिहावी.

आतली सेव्ह मेमरी वीज गेली की विसरते, म्हणून ३ व्होल्टचा बटन सेल तिला अखंड जागं ठेवतो. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. मेमरी २ मायक्रोअँपिअर खात असेल तर हिशेबाने १,१०,००० तास, म्हणजे साडेबारा वर्षं. प्रत्यक्षात सेल आपणहूनही हळूहळू उतरतो आणि बोर्डागणिक खाणं कमी-जास्त असतं, त्यामुळे कुणाची कॅसेट दहा वर्षांत विसरते तर कुणाची पंचवीस वर्षं तग धरते. मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदलाच.

सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी, २०२५ म्हणजे तोच व्यास आणि २.५ जाडी, १६१६ म्हणजे १६ आणि १.६. जाड सेल घातला तर कॅसेटचं झाकण बसत नाही, म्हणून जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा घ्या. आणि घ्यायचा तो पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला. साध्या सेलच्या पाठीवर थेट सोल्डर करायला जाऊ नका. उष्णतेने तो फुगतो, कधी फुटतोही. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल पहिल्याच धक्क्याला क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात सेव्ह जातो. चार्ज होणारा एलआयआर२०३२ दिसायला हुबेहूब असला तरी भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि कॅसेटमध्ये त्याला चार्ज करणारं काहीच नसतं. तो नको.

आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर वाहू द्या. हे करायला लोक विसरतात आणि मग जुनं सोल्डर वितळत नाही म्हणून आयर्न तिथेच दाबून धरतात. बोर्डावरची तांब्याची चकती उखडते ती अशीच. नवं सोल्डर मिसळलं की तीन सेकंदांत पट्टी सुटते. सुटली नाही तर आयर्न उचला, थंड होऊ द्या, पुन्हा करा. बोर्डावर अधिक-उणे छापलेलं असतं, तरी काढण्याआधी फोटो घ्या. नवा बसल्यावर दोन पट्ट्यांमध्ये ३ व्होल्टपेक्षा किंचित जास्त दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर सोल्डरचा थेंब कुठेतरी दोन ठिकाणांना टेकलाय.

पहिल्यांदा सुरू केल्यावर सेव्हच्या जागी विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, रिकाम्या मेमरीत असं काहीही असतं. तो सेव्ह पुसून नवा करा. आणि एनईएसवरचे सेव्हवाले काही खेळ बंद करताना ‘रीसेट दाबून धरा, मग बंद करा’ सांगतात ते पाळा. वीज उतरत असताना प्रोसेसर क्षणभर भरकटतो आणि मेमरीत काहीबाही लिहू शकतो. रीसेट धरला की तो गप्प राहतो.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी आणि सफायरमध्ये सेल संपल्याचा संदेश येतो, पण त्यांचा सेव्ह वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतो. सेल फक्त घड्याळासाठी. सेव्ह जात नाही, वेळेवर अवलंबून असलेल्या घटना तेवढ्या थांबतात. त्यासाठी आयर्न तापवायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

प्रश्न : जुना कन्सोल नव्या मोठ्या टीव्हीला जोडला. चित्र धूसर दिसतं आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडतं. टीव्हीवर नेम धरायची खेळातली बंदूक तर चालतच नाही. टीव्हीत दोष आहे का?

टीव्ही निर्दोष आहे, फक्त त्याला हे चित्र ओळखता येत नाही. जुने कन्सोल २४० ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा पाठवतात. पाल या टीव्ही पद्धतीत ५० वेळा. त्या काळचं टीव्ही प्रसारण मात्र एकाआड एक ओळींचं असायचं : आधी विषम ओळी, मग सम. नवा टीव्ही कन्सोलचं चित्रही तसंच समजतो आणि दोन-दोन चित्रं एकत्र शिवायला बसतो. त्यातून धूसरपणा येतो. मार लागल्यावर पात्र लुकलुकतं ना, दर दुसऱ्या चित्रात दिसतं आणि मधल्यात नाही? शिवणकामात ते कधी पूर्ण गायब होतं, कधी त्याच्या अंगावर आडव्या फण्या दिसतात. हीच परीक्षा. असं दिसलं तर टीव्हीची समजूत चुकतेय, हे नक्की.

उशीरही इथूनच येतो. शिवायला टीव्हीला आधी एक-दोन चित्रं साठवावी लागतात, मग मोठं करायला, रंग सुधारायला आणखी. एक चित्र म्हणजे १६.७ मिलिसेकंद. अशी पाच-सहा साठली की उडी चुकलीच. टीव्हीचा गेम मोड लावा, गती गुळगुळीत करणारी आणि कण कमी करणारी सगळी सुधारणा बंद करा, चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. एवढ्याने बराच फरक पडतो आणि खर्च शून्य.

नाहीच जमलं तर दोन पायऱ्या. पहिली, केबल. पिवळ्या पिनेच्या कंपोझिटमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात, एस-व्हिडिओत ते वेगळे होतात, आरजीबीत तिन्ही रंग स्वतंत्र. कन्सोल देत असेल ते वरचं घ्या. दुसरी, कन्सोल आणि टीव्हीच्या मधे बसणारं ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखं यंत्र. त्यांना २४० ओळी ओळखता येतात. ओएसएससी तर चित्र साठवतच नाही, ओळ आली की तीच दोनदा-तीनदा पाठवतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा उशीर जवळजवळ नाही. ‘कंपोझिट ते एचडीएमआय’ अशी छोटी डबी टीव्हीचीच चूक टीव्हीच्या आधी करते. आमच्या मते ती घेऊच नये.

१०८० ओळींच्या पडद्यावर २४० ओळी साडेचार पट होतात, म्हणून काही ठिपके चार ओळींचे तर काही पाच ओळींचे होतात आणि पात्र सरकताना लाटा दिसतात. इम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, पूर्णांक पटीचा पर्याय असतो. चार पट घ्या, ९६० ओळी, वर-खाली काळी पट्टी. २१६० ओळींच्या पडद्यावर बरोबर नऊ पट बसतात.

बंदुकीचं मात्र विसरा. खटका दाबला की खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीचा डोळा नेमक्या त्याच क्षणी उजेड शोधतो, तोही जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेकंदाला सुमारे १५,७०० ओळींच्या वेगाने थरथरणारा. एलसीडीचा उजेड तसा थरथरत नाही आणि वर उशिरा येतो. केबल किंवा मोड बदलून हे सुटत नाही. पिक्चर ट्यूबचा टीव्हीच हवा, नाहीतर इम्युलेटरवर कॅमेऱ्याने पडद्याची कड ओळखणारी नवी बंदूक.

प्रश्न : डॉसच्या जमान्यातले खेळ नव्या संगणकावर सुरूच होत नाहीत. डॉसबॉक्समध्ये एक इतका पळतो की खेळता येत नाही, दुसरा ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतो.

सुरू न होण्याचं कारण सरळ आहे. ६४ बिटच्या विंडोजमधून १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच काढलेली आहे, ‘कंपॅटिबिलिटी’च्या कुठल्याही पर्यायाने ती परत येत नाही. डॉसबॉक्स, म्हणजे डॉसच्या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, हाच रस्ता.

उरलेल्या दोन तक्रारींचं मूळ एकच, संगणकाचा वेग. जुन्या खेळांत गती ठरवायला बऱ्याचदा घड्याळ वापरलेलंच नसायचं. ‘अमुक इतके पोकळ फेरे मार, मग पुढचं चित्र’ असा हिशेब असायचा. फेरे लवकर संपले की खेळ पळत सुटतो. जुन्या संगणकांवर टर्बो बटण असायचं ते वेग कमी करता यावा म्हणूनच. डॉसबॉक्समध्ये त्याच्या जागी सायकल्स आहेत. खेळ चालू असताना कंट्रोल आणि एफ११ दाबलं की कमी, कंट्रोल आणि एफ१२ दाबलं की जास्त. खिडकीच्या वरच्या पट्टीत आकडा दिसत राहतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पहिल्या पीसीसाठी ३०० च्या आसपास, ३८६ साठी ३,००० ते ६,०००, ४८६ साठी १२,००० ते २५,००० असा अंदाज धरा. खेळ कोणत्या साली आला ते पाहून त्या काळच्या प्रोसेसरपासून सुरुवात करा आणि जुळलेला आकडा त्या खेळाच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून टाका. ‘ऑटो’वर ठेवलं तर खेळागणिक वागणं बदलतं.

एरर २०० हा टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांचा जुना रोग. सुरुवातीलाच ते ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात किती फेरे होतात ते मोजतात आणि त्याला ५५ ने भागतात. उत्तर १६ बिटच्या खान्यात, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच, मावलं पाहिजे. वेगवान प्रोसेसरवर ते मावत नाही, प्रोसेसर भागाकाराची चूक जाहीर करतो आणि पास्कल तिला ‘शून्याने भागलं’ म्हणतं. शून्याचा इथे काही संबंध नाही. सायकल्स १०,००० वर आणून सुरू करा. खेळ एकदा चालू झाला की वेग पुन्हा वाढवता येतो, कारण मोजणी एकदाच होते.

आवाज येत नसेल तर खेळासोबतचा सेटअप प्रोग्राम चालवून साउंड ब्लास्टर निवडा : पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्सचे मूळ आकडे हेच आहेत, खेळ मात्र पुष्कळदा आयआरक्यू ५ धरून बसतो. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

प्रश्न : घरच्या जुन्या डेस्कटॉपवर प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. व्हायरस असेल का?

आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. प्रत्येक वेबसाइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाला वाटतंय आज कितीतरी वर्षांपूर्वीचा दिवस आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

सेल बहुतेक सीआर२०३२ असतो, खाचेत बसवलेला, सोल्डर नाही. काढण्याआधी बायोसच्या (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सगळ्या पानांचे फोटो घ्या, विशेषतः हार्ड डिस्कचा मोड एएचसीआय आहे की आयडीई. सेटिंग मूळपदावर गेली आणि हा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसतं आणि लोक डिस्क गेली म्हणून रडतात. मग वायर काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, सेल बदला, फोटो पाहून सेटिंग जुळवा, तारीख घाला.

तारीख बरोबर असूनही तेच होत असेल आणि संगणकावर विंडोज एक्सपी असेल, तर सेलचा दोष नाही. त्यातल्या ब्राउझरला आजची कूटभाषाच येत नाही. तो संगणक खेळांसाठी ठेवा, इंटरनेटपासून लांब.

प्रश्न : इम्युलेटरवर पहिल्या प्लेस्टेशनचा खेळ उघडला की काळा पडदा. आणि रेट्रोआर्चमध्ये (अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) खेळात सेव्ह केलं होतं तेही गायब झालं.

काळ्या पडद्याची दोन कारणं आधी तपासा. सीडीची प्रत दोन फाइलींत असते : बिन म्हणजे प्रत्यक्ष माल, क्यू म्हणजे त्याची यादी. उघडायची ती क्यू. क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. तिथे बिनचं नाव अवतरणात दिलेलं असतं. तुम्ही फोल्डर नीटनेटका करताना बिनचं नाव बदललं आणि इथे जुनंच राहिलं, तर इम्युलेटर नसलेली फाइल शोधत बसतो. नाव अक्षरशः तेच हवं, मोकळ्या जागेसकट. संगीताचे वेगळे ट्रॅक असतील तर बिन अनेक असतात. त्यातल्या पहिलीपुरतंच नाव सुधारलं तर खेळ चालतो, संगीत नाही.

दुसरं, बायोस. प्लेस्टेशनचं बायोस ५१२ किलोबाइटचं असतं आणि रेट्रोआर्चच्या सिस्टिम फोल्डरमध्ये कोअरला (त्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या आतल्या भागाला) हव्या त्याच नावाने असावं लागतं. ते कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या कन्सोलमधून काढा. चार डिस्कचा खेळ असेल तर एक एम३यू फाइल करा. त्यात ओळीला एक क्यू लिहा आणि तीच उघडा. मेमरी कार्ड मग चारही डिस्कना एकच राहतं, नाहीतर डिस्क बदलताना नवं कोरं कार्ड समोर येतं.

सेव्हचं असं आहे : खेळाच्या आतून केलेला सेव्ह रेट्रोआर्च स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि खेळ नीट बंद केल्यावरच डिस्कवर लिहितो. तुम्ही वायर उपटली किंवा प्रोग्राम अडकून मेला, तर लिहिणं झालंच नाही. सेटिंगमधल्या सेव्हिंगच्या पानावर सेव्हरॅम आपोआप लिहिण्याचा अवधी असतो, मूळचा बंद. तो १० सेकंद करा. सेव्ह स्टेटवर भिस्त ठेवू नका. तो त्या कोअरचा त्या क्षणीचा जसाच्या तसा ठसा असतो, कोअर बदललं किंवा अपडेट झालं की वाचता येईलच असं नाही. हे काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालत असेल आणि कोपऱ्यात पिवळी वीज चमकत असेल तर पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली घसरतोय. मोबाइलचा चार्जर बाजूला ठेवा. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा.

प्रश्न : मूळ अडॅप्टर हरवलाय. पिन बसते असा दुसरा चालेल का?

पिन बसणं हा निकष नाही. सेगाचा पहिला मेगा ड्राइव्ह आतल्या टोकाला उणे घेतो, मेगा ड्राइव्ह २ आतल्या टोकाला अधिक. अमेरिकी एनईएसला ९ व्होल्ट एसी चालतो, फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी हवा, आतलं टोक उणे. एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळू शकतो. कन्सोलच्या पाठीवरची गोलाची खूण वाचा, मग तीन गोष्टी जुळवा : एसी की डीसी, व्होल्ट, आतल्या टोकाची दिशा. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कन्सोल हवे तेवढेच घेतो. कमी असले तर अडॅप्टर तापतो. जड, ट्रान्सफॉर्मरवाला जुना ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा मोजला तर १३ दाखवेल, ते स्वाभाविक आहे.

प्रश्न : साडेतीन इंची फ्लॉपींचा एक डबा सापडला. यूएसबी ड्राइव्ह आणून त्यातल्या फाइली कॉपी केल्या तर पुरे ना?

कॉपी करू नका, प्रतिमा घ्या, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी एक फाइल. फाइली कॉपी करताना एक खराब सेक्टर लागला की विंडोज तिथेच घुटमळत राहतं, ड्राइव्हचं वाचणारं डोकं त्याच जागी पुन्हा पुन्हा घासतं. प्रतिमा घेणारा प्रोग्राम चांगलं ते सगळं आधी उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. शिवाय पुसलेल्या फाइलीही प्रतिमेत येतात. पूर्ण प्रतिमा बरोबर १४,७४,५६० बाइटची होते : ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट. कमी भरली तर काहीतरी सुटलंय.

त्याआधी प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी सरकवून उघडी करा. आरपार भोक दिसलं म्हणजे लिहिणं बंद. मग पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून आतली तबकडी उजेडात तिरकी धरून फिरवा. पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती फ्लॉपी वेगळी ठेवा, ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी डोक्याला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर गोल चरा पाडते. ड्राइव्हचा आवाज अचानक करकरीत झाला तर तत्क्षणी फ्लॉपी काढा आणि डोकं अल्कोहोलच्या काडीने पुसा.

यूएसबी ड्राइव्हने फक्त पीसीच्या फ्लॉपी उलगडतात. आमिगा या जुन्या संगणकाची ८८० किलोबाइटची फ्लॉपी कोरी किंवा बिघडलेली वाटेल, कारण आमिगा ट्रॅकवर वेगळ्या मांडणीने लिहितो आणि यूएसबी ड्राइव्हला ती वाचताच येत नाही. विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल. नाही म्हणा. अशा फ्लॉपींसाठी जुना, रुंद पट्टीच्या वायरीचा ड्राइव्ह आणि ग्रीसविझल नावाचं छोटं बोर्ड लागतं. ते सेक्टर वाचत नाही, चुंबकीय खुणा जशा येतील तशा टिपतं आणि अर्थ नंतर संगणकावर लावतं.

७२० किलोबाइटला फॉरमॅट केलेली फ्लॉपी वाचता येत नसेल आणि तिला दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतील, तर खिडकी नसलेल्या भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावून पाहा. त्या भोकावरून ड्राइव्ह तिला १.४४ मेगाबाइटची समजतो.

प्रश्न : कन्सोलचं प्लास्टिक पिवळं पडलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू का?

आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन बघा, अर्थात बोर्ड बाहेर काढून. हाताचा तेलकटपणा आणि धूळ यांचाही पिवळेपणा असतो, तो एवढ्यात जातो. जे उरेल ते प्लास्टिकच बदललेलं आहे. एकाच कन्सोलचं वरचं झाकण पिवळं आणि खालचं पांढरं दिसतं, कारण दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या घाण्यांतून आलेली असतात.

पेरॉक्साइडने रंग परत येतो, ही गोष्ट खरी. केसांसाठी मिळणारं १२ टक्क्यांचं क्रीम जाडसर, एकसारखं फासायचं, वर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी, दर तासाला वळवायचं आणि पुन्हा फासायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्रीम कुठे वाळलं तर तिथे ढगासारखे पांढरे डाग पडतात आणि ते कायमचे. छापील लोगो आणि लेबल फिके होतात. एवढं करून काही वर्षांत पिवळेपणा परत येऊ शकतो. तुटलेलं, कमी महत्त्वाचं झाकण असेल तर त्यावर करून पाहा. एकुलता एक कन्सोल असेल तर पिवळाच राहू द्या.